रायचूर ते केडगाव : पंडिता रमाबाईंची वाट

हैदराबादहून पुण्याला जाणारी आपली गाडी वाडी, कलबुर्गी, सोलापूर करत दौंडला येते. दौंड मागे पडले की थोड्या वेळाने केडगाव नावाचे एक लहानसे स्टेशन लागते. माहेरी-सासरी, लग्नाकार्याला, सुट्टीला म्हणून आपल्यापैकी कित्येक कुटुंबांनी हा प्रवास असंख्य वेळा केला असेल. बहुतेक वेळा केडगाव झोपेतच निघून जाते. या स्टेशनाजवळच पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन आहे आणि तिथेच ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी देह ठेवला.

रमाबाई म्हटले की आपल्याला पुणे, कलकत्ता, फार तर अमेरिका आठवते. त्यांच्या आयुष्यातला सर्वांत कठीण प्रसंग मात्र आपल्या जुन्या निजाम राज्यात, रायचूरला घडला, हे आपल्या मंडळींत फारसे कुणाला माहीत नसते. म्हणून या लेखाची सुरुवात तिथूनच करावीशी वाटते. पण त्याआधी थोडे मागे जायला हवे.

रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे कोकणस्थ ब्राह्मण, संस्कृतचे गाढे पंडित. तरुणपणी पुण्यात शिकत असताना त्यांनी आपल्या गुरूंना पेशव्यांच्या पत्नीस संस्कृत शिकवताना पाहिले आणि स्त्रियांनाही ही विद्या यायला हवी, हे त्यांच्या मनाने घेतले. पहिल्या पत्नीच्या बाबतीत घरच्यांनी ते होऊ दिले नाही. ती वारल्यावर चव्वेचाळीस वर्षांच्या शास्त्रीबोवांनी गोदावरीकाठी एका यात्रेकरू कुटुंबातील नऊ वर्षांच्या मुलीशी लग्न केले. आजच्या डोळ्यांना ही गोष्ट खटकते आणि खटकलीच पाहिजे. पण त्याच माणसाने त्या मुलीला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवले आणि त्यासाठी उडुपीच्या धर्मपीठासमोर उभे राहून शास्त्राधारे आपली बाजू मांडली. मग लोकांच्या कटकटीला कंटाळून पश्चिम घाटात गंगामूळ येथे रानात आश्रम बांधला. तिथे २३ एप्रिल १८५८ रोजी रमाबाईंचा जन्म झाला.

रानात आश्रम असला तरी पाहुण्यांचा राबता थांबेना. विद्यार्थी, यात्रेकरू, कुणालाही उपाशी परत पाठवायचे नाही हा शास्त्रीबोवांचा नेम. त्यात कर्ज झाले, जमीनजुमला गेला आणि रमा सहा महिन्यांची असतानाच कुटुंब तीर्थयात्रेला बाहेर पडले. तान्ह्या मुलीला वेताच्या पेटाऱ्यात घालून डोक्यावरून नेले. तिथून पुढची कित्येक वर्षे या घराला छप्पर असे राहिलेच नाही. देवळात किंवा नदीच्या घाटावर बसायचे, पुराण सांगायचे आणि लोक जे देतील त्यावर गुजराण करायची. रमाला आईने पाठांतर शिकवले. भागवताचे हजारो श्लोक लहान वयातच तिच्या तोंडी होते.

मग दक्षिणेत दुष्काळ पडला. १८७० नंतरच्या दशकातली ही गोष्ट. रमा तेव्हा विशीच्या आतली. पुराण ऐकायला कोण येणार आणि आले तरी देणार काय? मोलमजुरी करणे शास्त्री घराण्याला शोभणारे नव्हते आणि भीक मागण्याची लाज वाटत होती. होते ते पैसे, भांडी, कपडे देवधर्मात आणि दानात गेले, कारण व्रतवैकल्ये नीट केली तर देव धावून येईल, अशी सगळ्यांची पक्की खात्री होती. तिरुपतीच्या परिसरातल्या रानात अकरा दिवस हे कुटुंब पाणी, झाडपाला आणि मूठभर रानखजूर यांवर राहिले. शास्त्रीबोवा आता जवळजवळ आंधळे झाले होते. त्यांनी जलसमाधी घ्यायचे ठरवले. तेव्हा मुलगा श्रीनिवास पुढे झाला आणि कुळाचा अभिमान बाजूला ठेवून मजुरी करतो, पण असे मरायचे नाही, म्हणाला. सगळे रानाबाहेर पडले. पण वडिलांच्या अंगात काही उरले नव्हते. शेवटच्या दिवसांत त्यांनी धाकट्या मुलीला जवळ घेतले आणि तिला देवाच्या हाती सोपवले. सरळपणाने जगावे, देवाची सेवा करावी, एवढेच त्यांचे मागणे होते. रमाबाई पुढे म्हातारपणापर्यंत हा प्रसंग आठवत असत. देवाचे नाव बदलले तरी त्या सोपवण्याशी त्यांनी प्रतारणा केली नाही, असे मला वाटते.

वडिलांमागून थोड्याच आठवड्यांत आईची पाळी आली. हे रायचूरला. आई तापाने फणफणलेली, भुकेने सारखी थोडेसे खायला मागत होती. भावाला ते ऐकवेना. रमा शेजारच्या एका घरी गेली. भाकरीचा एक तुकडा मागायचा, एवढेच काम. पण हजारो श्लोक अस्खलित म्हणणाऱ्या त्या मुलीच्या तोंडून ते दोन शब्द निघेनात. ती दारात नुसती उभी राहिली आणि डोळ्यांतून पाणी वाहू लागले. त्या घरच्या बाईने न सांगता ओळखले आणि भाकरी दिली. रमा ती घेऊन धावत परत आली, तर आईला घास गिळण्याची ताकद उरली नव्हती. शुद्ध हरपली आणि काही दिवसांत ती गेली.

पुढचे आणखी वाईट. खांदा द्यायला माणसे मिळेनात. अखेर दोन ब्राह्मणांना दया आली. ते दोघे, श्रीनिवास आणि चौथी रमा. स्मशान तीन मैल दूर. रमा उंचीने लहान, त्यामुळे तिरडी खांद्यावर नीट बसेना, म्हणून आपल्या बाजूचा भार तिने डोक्यावर घेतला आणि ती तशी तीन मैल चालत गेली.

पाठोपाठ थोरली बहीण कृष्णाबाई पटकीने गेली. उरले दोघे, रमा आणि श्रीनिवास. दोघांनी हजारो मैल पायी तुडवले, थेट पंजाब-काश्मीरपर्यंत. झेलमच्या काठी एका रात्री थंडी इतकी होती आणि अंगावर इतके कमी होते की, दोघांनी वाळूत खड्डे खणले, त्यात झोपून डोके तेवढे बाहेर ठेवून वाळू अंगावर ओढून घेतली. त्या काळातही नेमधर्म चालूच होते. पण हळूहळू दोघांच्या मनात प्रश्न उभा राहू लागला की, इतके सगळे यथासांग केले, मग देव आला का नाही? या प्रश्नाचे उत्तर त्यांना कुणी दिले नाही आणि स्वतः शोधायला पुढची दहा-पंधरा वर्षे जायची होती.

१८७८ मध्ये दोघे कलकत्त्याला पोहोचले आणि चित्र एकदम पालटले. वीस वर्षांची मुलगी संस्कृतात भाषण करते, शास्त्रचर्चा करते, याचे तिथल्या पंडितांना इतके कौतुक वाटले की, त्यांनी तिला पंडिता आणि सरस्वती अशा पदव्या दिल्या. इथेच एका ख्रिस्ती मेळाव्याला ही भावंडे पहिल्यांदा गेली. तिथले लोक प्रार्थनेसाठी आपापल्या खुर्चीकडे तोंड करून गुडघे टेकून बसले. या दोघांना वाटले की, हे लोक खुर्चीलाच नमस्कार करतात! रमाबाईंनी हा गमतीचा प्रसंग स्वतःच नोंदवून ठेवला आहे.

सुख फार टिकले नाही. मे १८८० मध्ये ढाक्याला श्रीनिवास वारला. त्याच वर्षी नोव्हेंबरात रमाबाईंनी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. मुलगा ब्राह्मण नाही, प्रांत वेगळा, भाषा वेगळी. दोन्हीकडचे लोक तुटले. आसामात सिलचरला संसार मांडला, १६ एप्रिल १८८१ रोजी मनोरमा झाली आणि ४ फेब्रुवारी १८८२ रोजी बिपिनबाबू पटकीने गेले. चोविसाव्या वर्षाच्या आत आई, वडील, बहीण, भाऊ, नवरा, सगळे गेलेले आणि पदरी दहा महिन्यांची मुलगी. सिलचरच्याच घरात पुस्तकांमध्ये त्यांना लूकच्या शुभवर्तमानाची बंगाली पुस्तिका सापडली होती आणि तिथल्या एका बाप्टिस्ट मिशनऱ्याकडून त्यांनी काही ऐकलेही होते. नवऱ्याला ते पसंत नव्हते. त्यांनाही तेव्हा ते पटले होते असे नाही. फक्त कुतूहल होते.

विधवा रमाबाई पुण्याला आल्या. न्यायमूर्ती रानडे, भांडारकर आदी प्रार्थना समाजाच्या मंडळींनी स्वागत केले. १८८२ मध्येच त्यांनी आर्य महिला समाज काढला, ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक लिहिले आणि हंटर आयोगापुढे साक्ष देऊन मुलींसाठी शिक्षिका आणि स्त्रियांसाठी स्त्री डॉक्टर हव्यात, अशी मागणी केली. स्वतः डॉक्टर होण्याचे त्यांच्या मनात होते. पुस्तकाच्या विक्रीतून आलेल्या पैशांचा आधार घेऊन १८८३ मध्ये त्या इंग्लंडला निघाल्या. सोबत दोन वर्षांची मनोरमा आणि आनंदीबाई भगत नावाची मैत्रीण.

इंग्लंडमध्ये वाँटेज गावी अँग्लिकन जोगिणींच्या मठात त्यांची सोय झाली. तिथे पोहोचून काही महिने होतात तोच आनंदीबाई भगत यांनी आत्महत्या केली. परक्या देशात, एकुलत्या एका मराठी सोबतिणीचा असा अंत. त्यानंतर काही आठवड्यांतच, २९ सप्टेंबर १८८३ रोजी, रमाबाईंनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला.

हे का केले, यावर पुण्यात त्या वेळी खूप चर्चा झाली आणि अजूनही होते. कुणी म्हणते एकटेपणाने, कुणी म्हणते आश्रय देणाऱ्यांच्या ओझ्याने. त्यांनी स्वतः जे कारण नोंदवले ते वेगळे आहे. लंडनच्या फुलहॅम भागात या जोगिणी एक घर चालवत होत्या. समाजाने वाईट चालीच्या म्हणून टाकलेल्या बायकांना तिथे जवळ करून, काम शिकवून पुन्हा उभे केले जाई. रमाबाईंनी ते पाहिले आणि त्या चकित झाल्या. अशा बाईसाठी शिक्षा सोडून दुसरे काही असू शकते, हे त्यांनी आजवर कुठे पाहिले नव्हते. हे कुठून आले, असे त्यांनी विचारले, तेव्हा एका जोगिणीने त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवली. विहिरीवर भर दुपारी एकटी आलेली, पाच नवरे झालेली बाई, आणि तिच्याकडे पाणी मागणारा, तिच्याशी धर्मावर बोलणारा येशू. रायचूरला भाकरी मागताना जिची जीभ लुळी पडली होती, तिला मागणारा देव भेटला. तो हिशेब मागत नव्हता, पाणी मागत होता. माझ्या समजुतीप्रमाणे रमाबाईंची श्रद्धा इथे रुजली, बाकीचे धर्मशास्त्र नंतर आले.

आणि ते येतानाही मुकाट आले नाही. मठातल्या सिस्टर जेराल्डिन यांना त्या आध्यात्मिक आई मानत, पण त्यांच्याशी पत्रांतून कडाक्याचे वाद घालत. बाप्तिस्मा घेतला म्हणजे सदसद्विवेक बिशपच्या ताब्यात दिला असे नव्हे, ही त्यांची भूमिका. मांसाहार करणार नाही, साडी सोडणार नाही. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरे कशाला, संस्कृत का नकोत, असेही विचारून झाले. पुण्याच्या शास्त्र्यांना न घाबरलेली बाई इंग्लंडच्या धर्मगुरूंना काय घाबरणार! मात्र डॉक्टर होण्याचे स्वप्न कानांनी मोडले. ऐकू कमी येत चालले होते. चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात डोरोथिया बील यांच्या हाताखाली त्या शिकल्या आणि तिथे संस्कृत शिकवलेही.

१८८६ मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी त्या फिलाडेल्फियाला गेल्या आणि दोन वर्षांहून अधिक काळ अमेरिकेत राहिल्या. उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजीतून लिहिलेल्या पुस्तकाने आणि व्याख्यानांनी पैसे उभे राहिले. बॉस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन स्थापन झाली आणि तिने दहा वर्षे विधवांच्या शाळेला मदत देण्याचे मान्य केले. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले. पुढल्या वर्षी ते पुण्याला नेले. या शाळेतली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई नातू. पुढे १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांनी तिच्याशी पुनर्विवाह केला आणि ती आनंदीबाई कर्वे झाली. आपण कर्व्यांच्या हिंगण्याच्या कार्याचे गोडवे गातो, ते योग्यच आहे, पण त्या घराचा एक उंबरठा शारदा सदनाचा होता, हे सहसा सांगितले जात नाही.

१८९३ साली वादळ आले. शारदा सदनात धर्मशिक्षण द्यायचे नाही, असे ठरलेले होते. मुलींना आपापले सोवळे, व्रते पाळायची मोकळीक होती. पण रमाबाई स्वतःच्या खोलीत दार उघडे ठेवून प्रार्थना करीत आणि काही मुली तिथे येऊन बसू लागल्या. पुण्यात गवगवा झाला. ‘केसरी’ने तर आधीपासूनच टीकेची झोड उठवली होती. रानडे, भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि पालकांनी वीस-पंचवीस मुली काढून नेल्या. माझ्या मते, पालकांच्या बाजूला अगदीच काही तथ्य नव्हते असे म्हणता येणार नाही. विश्वासाने पाठवलेल्या मुलीचा धर्म बदलेल, ही भीती त्या काळच्या बापाला वाटणारच. आणि त्याच्या दृष्टीने उघडे दार हे बोलावणेच होते. पण दार बंद करून देवाशी बोलायला रमाबाई तयार नव्हत्या. त्यांनी आयुष्यात मिळवलेली ती एकमेव गोष्ट होती. जवळचे मित्र गेले, शाळा अर्धी झाली, तरी दार उघडेच राहिले.

विशेष म्हणजे त्यांच्या मनातला ख्रिस्तही याच काळात बदलत होता. बाप्तिस्मा घेताना आपण एक धर्म स्वीकारला, पण ज्याचा तो धर्म त्याला ओळखले नाही, असे त्यांना १८९१ च्या सुमारास वाटू लागले. आपण काही करून दाखवले म्हणून देव येत नाही, तो आधीच आलेला असतो, अशी काहीशी ही जाणीव होती. तिरुपतीच्या रानात उरलेसुरले सगळे दान करूनही न आलेल्या देवाचा जो प्रश्न त्यांच्या मनात होता, त्याचे उत्तर त्यांना असे मिळाले. ते प्रत्येकाला पटेलच असे नाही. पण त्यानंतर रमाबाई हिशेब मांडत बसल्या नाहीत, हे त्यांच्या पुढच्या तीस वर्षांवरून दिसते.

१८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. बातम्या येऊ लागल्या तसे रमाबाईंना पुण्यात बसवेना. भुकेने माणसाचे काय होते, हे त्या पुस्तकातून शिकल्या नव्हत्या. दुष्काळात एकट्या पडलेल्या मुलींवर कोण कोण टपलेले असते, हेही त्यांना ठाऊक होते. त्या तिकडे गेल्या आणि टप्प्याटप्प्याने सुमारे तीनशे मुली घेऊन आल्या. या मुली शारदा सदनातल्या विद्यार्थिनींसारख्या उच्चवर्णीय घरच्या नव्हत्या. सर्व जातींच्या, हाडांचे सापळे झालेल्या, केसांत उवा, अंगावर खरूज. काही तर भाकरी लपवून ठेवत, उद्या मिळेल याचा भरवसा नव्हता म्हणून. तेवढ्यात पुण्यात प्लेगची साथ आली आणि इतक्या मुलींना शहरात ठेवणे अशक्य झाले. केडगावला फळबागेसाठी म्हणून घेतलेली सुमारे शंभर एकर जमीन होती. तिथे तंबू ठोकून मुली हलवल्या. प्लेगच्या इस्पितळातील आणि छावण्यांतील स्त्रियांच्या हालांबद्दल त्यांनी वृत्तपत्रातून सरकारवरही उघड टीका केली. ख्रिस्ती झाल्या म्हणून इंग्रज सरकारच्या झाल्या, असे समजणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

तंबूंच्या जागी इमारती आल्या, विहिरी खणल्या आणि १८९८ पासून या वसाहतीला मुक्ती हे नाव मिळाले. १९०० च्या गुजरातेतील दुष्काळात आणखी मुली आल्या आणि केडगावची वस्ती एकोणीसशेच्या घरात गेली. एवढ्या जणींना रोज दोन वेळा जेवायला घालायचे, हा विचार करून पाहा. अमेरिकेतून मदत येई, पण कुठल्याही मिशनचा नियमित पगार किंवा अनुदान पाठीशी नव्हते. मुली शेती करीत, गाईगुरे पाळत, तेलघाणा चालवत, विणकाम करीत, छापखान्यात खिळे जुळवत. फसवल्या गेलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन हे वेगळे घर होते, म्हणजे फुलहॅमला पाहिलेलेच केडगावच्या मातीत उभे राहिले. मनोरमा ब्रेल शिकून आली आणि तिने अंध मुलींना शिकवायला सुरुवात केली. १९०५ मध्ये तिथे प्रार्थनेची मोठी लाट आली. मुली तासन्‌तास रडत, गात प्रार्थना करीत. त्याविषयी ख्रिस्ती मंडळींतही मतभेद होते. रमाबाईंनी या मुलींना इंग्रजी थाटाची भक्ती शिकवली नाही, टाळ-झांजांवरच्या मराठी भजनांना आणि कीर्तनाला जागा दिली.

एक गोष्ट प्रांजळपणे सांगायला हवी. काही अभ्यासकांच्या मते, केडगावला गेल्यावर रमाबाई महाराष्ट्राच्या सार्वजनिक जीवनातून बाहेर पडल्या आणि स्त्रीशिक्षणाची जी धार शारदा सदनात होती ती धर्मप्रसारात बोथट झाली. यात काही अंशी तथ्य आहे. पण पुण्याने त्यांना जागा ठेवली होती का, हाही प्रश्न आहेच. आणि केडगावच्या दुष्काळातल्या मुली जर पुण्याच्या सभांमध्ये बोलू शकल्या असत्या, तर त्या काय म्हणाल्या असत्या, याचाही विचार करावा.

आपल्या भागाशी त्यांचा धागा पुन्हा एकदा जुळला तो गुलबर्ग्याला. १९१२-१३ च्या सुमारास, निजामाच्या राज्यातल्या त्या गावी मुक्तीच्या वतीने मुलींसाठी शाळेचे काम सुरू झाले आणि मनोरमाबाईंनी त्याची जबाबदारी उचलली. ज्या राज्यात आजीला भाकरीचा तुकडा गिळता आला नव्हता, तिथे नात शाळा चालवत होती. रमाबाईंनी हा संबंध कधी मनाशी जुळवला असेल का, कोण जाणे.

या सगळ्या धबडग्यात त्यांनी एक काम अंगावर घेतले होते. मराठी बायबल तेव्हा होते, पण खेड्यातल्या, नुकत्याच अक्षर ओळखू लागलेल्या बाईला ते कळेल अशा भाषेत नाही, असे त्यांचे मत होते. म्हणून उतारवयात त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि मूळ ग्रंथावरून साध्या मराठीत भाषांतर करू लागल्या. संस्कृतच्या एवढ्या मोठ्या पंडितेने निवडून निवडून संस्कृत शब्द बाहेर काढावेत, यातली गंमत आपल्या भाषाप्रेमी वाचकांना वेगळी सांगायला नको. सुमारे अठरा वर्षे हे काम चालले. कान जवळजवळ गेले होते, प्रकृती ढासळत होती, तरी मुद्रिते त्या स्वतः तपासत. खिळे जुळवणाऱ्या मुक्तीतल्याच बायका. त्यांतल्या कित्येक जणी दुष्काळातून आलेल्या.

आपल्यामागे मनोरमा सगळे सांभाळील, असे त्यांनी धरले होते. १९२१ च्या जुलैमध्ये मिरजेच्या इस्पितळात मनोरमा चाळिसाव्या वर्षी गेली. आई, वडील, बहीण, भाऊ, नवरा आणि आता मुलगी. रमाबाई त्रेसष्ट वर्षांच्या होत्या. रायचूरच्या रस्त्यावर निदान भाऊ बरोबर होता, आता रक्ताचे असे कुणी उरले नव्हते. त्यांनी संस्थेची व्यवस्था लावून दिली आणि बायबलची उरलेली पाने पुढे ओढली. शेवटची मुद्रिते तपासून होईपर्यंत आयुष्य दे, एवढेच त्या देवाकडे मागत असत, असे केडगावात सांगतात. तेवढे आयुष्य मिळाले. भाषांतर आणि तपासणी पुरी झाली आणि ५ एप्रिल १९२२ च्या पहाटे झोपेतच त्या गेल्या.

१९२४ मध्ये मुक्तीच्या छापखान्यातून संपूर्ण बायबल बाहेर पडले. खिळे जुळवण्यापासून छपाईपर्यंत ते सगळे बायकांच्या हातचे होते.